मोबाइल ॲपचा वापरकर्ता इंटरफेस

मोबाइल ॲपचा वापरकर्ता इंटरफेस म्हणजे ॲपचा वापरकर्त्याला दिसणारा, स्पर्शाने हाताळता येणारा आणि गरज असल्यास ऐकू येणारा भाग. बटणे, मजकूर, याद्या, चित्रे, अर्जातील रकाने आणि एका स्क्रीनवरून दुसरीकडे जाण्याचे मार्ग यांचा त्यात समावेश होतो. इंटरफेसचे संकल्पन आणि त्याची बांधणी ही दोन वेगळी कामे आहेत. संकल्पनकार स्क्रीन कशी दिसावी हे ठरवतो. विकसक ती स्क्रीन प्रत्यक्ष फोनवर उभी राहील अशा रीतीने संगणकीय भाषेत लिहितो. या लेखात मुख्यतः बांधणीचा विचार केला आहे. उदाहरणे प्रामुख्याने अँड्रॉइड या प्रणालीतील असून तुलनेसाठी आयओएसचा उल्लेख येतो.

छापील पानाची मांडणी करणाऱ्याला कागदाचा आकार आधीच ठाऊक असतो. ॲपच्या विकसकाला तशी खात्री नसते. फोन कोणत्या आकाराचा असेल, आडवा धरला जाईल की उभा, अक्षरे किती मोठी केलेली असतील आणि भाषा कोणती निवडलेली असेल हे त्याला आधी कळत नाही. मोबाइल इंटरफेसच्या बहुतेक तंत्रांचा उगम या अनिश्चिततेत आहे.

पार्श्वभूमी

कळफलकाच्या जुन्या फोनवर वापरकर्ता बाणांच्या कळांनी एकेका पर्यायावर जात असे, त्यामुळे इंटरफेस म्हणजे बहुधा एकाखाली एक याद्या असत. २००७ मध्ये आलेल्या पहिल्या आयफोनने बोटाने थेट वस्तूला स्पर्श करण्याची पद्धत रुळवली. त्याची स्क्रीन ३२० × ४८० पिक्सेलची होती. २००८ मध्ये विक्रीस आलेल्या एचटीसी ड्रीम या पहिल्या अँड्रॉइड फोनची स्क्रीनही तितक्याच पिक्सेलची होती. या काळात एखादे बटण डावीकडून २० आणि वरून ४० पिक्सेलवर ठेवले तरी काम भागत असे. पुढे दोन्ही बाजूंना फोनचे आकार वाढत गेले आणि ही सोय संपली. २०१० च्या आयफोन ४ मध्ये स्क्रीन तेवढीच राहिली, पण पिक्सेल दोन्ही दिशांना दुप्पट झाले. २०१२ च्या आयफोन ५ मध्ये स्क्रीनची उंचीच बदलली. अँड्रॉइडमध्ये अनेक कंपन्या फोन बनवत असल्याने ही विविधता पहिल्या काही वर्षांतच प्रचंड झाली होती.

मोजमाप

पिक्सेल हे लांबीचे माप नव्हे. दर इंचात १६० पिक्सेल असलेल्या स्क्रीनवर १०० पिक्सेल रुंदीचे बटण सुमारे १६ मिलिमीटर भरते. दर इंचात ४८० पिक्सेल असलेल्या स्क्रीनवर तेच बटण जेमतेम ५ मिलिमीटरचे होते आणि अंगठ्याखाली सापडेनासे होते. म्हणून अँड्रॉइडमध्ये घनतानिरपेक्ष पिक्सेल हे एकक वापरतात, त्याला व्यवहारात डीपी म्हणतात. १६० घनतेच्या स्क्रीनवर एक डीपी म्हणजे एक पिक्सेल. इतरत्र डीपीला स्क्रीनच्या घनतेने गुणून १६० ने भागले की पिक्सेलची संख्या मिळते. ४८ डीपीचे बटण ४८० घनतेच्या फोनवर १४४ पिक्सेल व्यापते आणि कुठेही सुमारे साडेसात मिलिमीटरचेच राहते. आयओएसमध्ये याच कामासाठी पॉइंट हे एकक आहे. स्पर्श करण्याजोग्या घटकासाठी गूगलच्या मार्गदर्शक तत्त्वांत किमान ४८ डीपी आणि ॲपलच्या तत्त्वांत ४४ पॉइंट हे माप सुचवलेले आहे. ही मापे सौंदर्यदृष्टीतून आलेली नाहीत, ती बोटाच्या टोकाच्या रुंदीवर आधारलेली आहेत.

अक्षरांसाठी अँड्रॉइडमध्ये एसपी हे वेगळे एकक आहे. वापरकर्त्याने सेटिंगमध्ये अक्षरे मोठी केली की एसपीमध्ये मोजलेला मजकूर त्या प्रमाणात वाढतो. २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये ही वाढ २०० टक्क्यांपर्यंत नेता येते. बटणाची उंची डीपीमध्ये पक्की आणि त्यातील अक्षरे मात्र एसपीमध्ये, अशी रचना केल्यास मोठी अक्षरे चौकटीत मावत नाहीत आणि छाटली जातात. चष्मा लावूनही बारीक अक्षर न दिसणारा माणूस सोयीसाठी अक्षरे मोठी करतो आणि त्यालाच ॲप अर्धे दिसते. उंची पक्की न करता 'मजकुराला लागेल तेवढी, पण अमुक डीपीपेक्षा कमी नाही' असे सांगणे हा यावरचा साधा उपाय आहे.

मांडणी

स्क्रीनवरील घटक झाडाच्या फांद्यांसारखे एकात एक गुंफलेले असतात. एका चौकटीत दुसरी चौकट, तिच्यात चित्र आणि मजकूर, अशी ही रचना असते. अँड्रॉइडच्या पारंपरिक पद्धतीत ती एक्सएमएल धारिकेत लिहिली जाते. स्क्रीन उभी राहताना प्रणाली हे झाड तीन टप्प्यांत पार करते. पहिल्या टप्प्यात प्रत्येक घटकाला किती जागा हवी हे मोजले जाते, दुसऱ्यात त्याची जागा ठरते आणि तिसऱ्यात तो रेखाटला जातो. मोजणीचा टप्पा महागात पडू शकतो. घटकांना उरलेली जागा ठरावीक प्रमाणात वाटून देणारी चौकट आपल्या आतील घटकांची दोनदा मोजणी करते. अशा चौकटीत तशीच दुसरी आणि तिच्यात तिसरी ठेवली, तर सर्वांत आतला घटक आठ वेळा मोजला जाऊ शकतो.

यावरचा उपाय म्हणून घटकांमधील नाती सांगण्याची पद्धत आली. 'हे बटण त्या रकान्याच्या खाली, उजव्या कडेपासून १६ डीपीवर' अशा अटी विकसक लिहितो आणि त्या सर्व पाळणारी मांडणी प्रणाली गणिताने शोधते. आयओएसमध्ये २०१२ पासून उपलब्ध असलेली ऑटो लेआउट ही सुविधा कॅसोवरी या अट-निरसन पद्धतीवर आधारलेली आहे. अँड्रॉइडसाठी गूगलने २०१६ मध्ये कन्स्ट्रेंट लेआउट जाहीर केले. अटींची मांडणी लवचीक असली तरी परस्परविरोधी अटी लिहिल्या जाण्याचा धोका तिच्यात असतो आणि तशी चूक शोधणे कंटाळवाणे काम आहे.

वेळेची मर्यादा

स्क्रीन सेकंदाला ६० वेळा ताजी होत असेल, तर एका चित्रचौकटीसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. मोजणी, मांडणी, रेखाटन आणि बोटाच्या हालचालीला द्यायचा प्रतिसाद हे सारे तेवढ्या वेळात बसवावे लागते. सेकंदाला १२० वेळा ताज्या होणाऱ्या स्क्रीनवर ही मुदत निम्म्याने कमी होते. मुदत चुकली की यादी सरकवताना हिसका जाणवतो.

इंटरफेसचे सर्व काम एकाच मुख्य थ्रेडवर चालते. म्हणून जाळ्यावरून माहिती आणणे किंवा मोठी धारिका वाचणे ही कामे दुसऱ्या थ्रेडवर सोपवावी लागतात. अँड्रॉइडमध्ये स्पर्शाला पाच सेकंद प्रतिसाद मिळाला नाही, तर ॲप प्रतिसाद देत नसल्याची सूचना प्रणाली स्वतःच दाखवते. लांब याद्यांसाठी पुनर्वापराची युक्ती आहे. हजार संदेशांच्या यादीत स्क्रीनवर मावतील तितक्याच, थोड्या अधिक ओळी तयार केल्या जातात. वरून बाहेर गेलेली ओळ नवा मजकूर भरून खालून पुन्हा आत आणली जाते. ओळ पुन्हा भरताना जुने चित्र पुसायचे राहिले तर एकाच्या नावासमोर दुसऱ्याचे छायाचित्र दिसते. नवशिक्यांच्या ॲपमध्ये हा दोष हमखास आढळतो.

स्थिती आणि घोषणात्मक पद्धत

जुन्या पद्धतीत विकसक प्रत्येक बदल आज्ञेच्या रूपात लिहितो. खरेदीच्या ॲपमध्ये वस्तू निवडली की टोपलीवरील आकडा वाढवा, एकूण रक्कम बदला, 'पैसे भरा' हे बटण चालू करा, अशा आज्ञा द्याव्या लागतात. वस्तू काढून टाकण्याच्या वेळी यातली एखादी राहिली की टोपली रिकामी असूनही आकडा १ दिसत राहतो. मूळ माहिती एक असते, पण तिच्या प्रती स्क्रीनवर ठिकठिकाणी विखुरलेल्या असतात आणि त्यांच्यात मेळ राखणे माणसाच्या लक्षावर अवलंबून राहते.

घोषणात्मक पद्धतीत विकसक 'स्थिती अशी असेल तर स्क्रीन अशी दिसेल' एवढेच लिहितो. स्थिती बदलली की कोणता भाग पुन्हा रचायचा हे चौकटप्रणाली ठरवते. फेसबुकने २०१३ मध्ये मुक्त केलेल्या रिॲक्टमुळे हा विचार वेबवर रुजला. २०१५ मध्ये रिॲक्ट नेटिव्हच्या रूपाने तो मोबाइलवर आला. त्यानंतर गूगलचे फ्लटर २०१८ मध्ये पहिल्या स्थिर आवृत्तीत आले, ॲपलने स्विफ्टयूआय २०१९ मध्ये जाहीर केले आणि अँड्रॉइडच्या जेटपॅक कंपोझची पहिली स्थिर आवृत्ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. यांत महत्त्वाचा फरक आहे. रिॲक्ट नेटिव्ह त्या त्या प्रणालीचीच बटणे आणि रकाने वापरते, तर फ्लटर प्रत्येक घटक स्वतः रेखाटते.

घोषणात्मक पद्धतीने स्थितीचा प्रश्न सुटत नाही, तो फक्त एका जागी गोळा होतो. अँड्रॉइडमध्ये फोन आडवा केला की चालू स्क्रीन सामान्यतः नष्ट होऊन नव्याने उभी राहते. शिवाय स्मृती कमी पडल्यास पार्श्वभूमीत गेलेले संपूर्ण ॲप प्रणाली बंद करू शकते. शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धा भरून विद्यार्थी ओटीपी पाहायला संदेशांकडे गेला आणि परतल्यावर सारे रकाने कोरे दिसले, असे घडण्यामागे बहुधा हेच कारण असते. म्हणून भरलेली माहिती स्क्रीनच्या बाहेर सुरक्षित ठेवणे हा इंटरफेसच्या बांधणीचाच भाग मानला जातो. कमी स्मृतीच्या स्वस्त फोनवर हा प्रसंग वारंवार येतो, विकसकाच्या महागड्या फोनवर मात्र क्वचितच येतो.

मराठी मजकूर आणि इंटरफेस

ॲपमधील वाक्ये कार्यक्रमाच्या ओळींत न मिसळता वेगळ्या संसाधन धारिकेत ठेवली जातात आणि प्रत्येक भाषेसाठी एकेक धारिका असते. फोनची भाषा मराठी असेल तर प्रणाली मराठी धारिका उचलते. ही व्यवस्था आवश्यक असली तरी पुरेशी नाही, कारण बहुतेक ॲपची वाक्यरचना इंग्रजी गृहीत धरून केलेली असते.

पहिली अडचण सामान्यरूपाची. शहराचे नाव रिकाम्या जागी भरून त्यापुढे 'ला' जोडल्यास 'नाशिकला' बरोबर येते, पण 'पुणे'चे 'पुणेला' होते. दुसरी अडचण लिंगाची. 'गटात सामील झाला' हे वाक्य निम्म्या वापरकर्त्यांसाठी चुकीचे ठरते. मराठी पत्रव्यवहारात रूढ असलेली 'यांनी', 'यांना', 'येथे' ही रूपे येथे कामी येतात. नावापुढे 'यांनी गटात प्रवेश केला' असे लिहिले की नावाचे रूप बदलत नाही आणि क्रियापदही लिंगाच्या पेचातून सुटते. सरकारी पत्रांतली ही भाषा एरवी रुक्ष वाटते, पण ॲपमध्ये ती अनपेक्षितपणे उपयोगी पडते. संख्येबाबतही सावध राहावे लागते. 'संदेश' हा शब्द एक आणि अनेक दोन्हींसाठी चालतो, परंतु '१ नवी सूचना' आणि '५ नव्या सूचना' यांसाठी दोन स्वतंत्र वाक्ये द्यावी लागतात.

तिसरी अडचण लिपीच्या आकाराची. देवनागरीत मात्रा आणि रफार शिरोरेषेच्या वर जातात, तर उकार आणि काही जोडाक्षरे खाली उतरतात. 'रद्द करा' हे जवळपास प्रत्येक ॲपमधील बटण याचे चांगले उदाहरण आहे. अनेक फाँटमध्ये 'द्द' हे अक्षर खालच्या बाजूला लांबते आणि रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या चौकटीत त्याचे टोक कापले जाते. अक्षरांमध्ये जादा अंतर सोडण्याची रोमन लिपीतील पद्धत देवनागरीला लावली की शिरोरेषा तुटते. देवनागरीत मोठी आणि लहान लिपी असा भेद नाही. त्यामुळे शीर्षक किंवा बटण फक्त मोठ्या लिपीने उठून दिसावे अशी योजना केलेली असेल, तर मराठीत ते आजूबाजूच्या मजकुरात हरवून जाते. ठळकपणा किंवा रंग यांचा आधार तेथे घ्यावा लागतो.

अक्षर म्हणजे एक संकेतांक हे गृहीतकही येथे टिकत नाही. 'क्षितिज' हा शब्द वाचकाला तीन अक्षरांचा वाटतो, पण युनिकोडमध्ये तो सात संकेतांकांनी लिहिला जातो. संपर्क यादीत छायाचित्राऐवजी नावाचे पहिले अक्षर दाखवताना पहिला संकेतांक उचलला, तर 'ज्ञानेश्वर'साठी 'ज' आणि 'क्षितिजा'साठी 'क' दिसतो. मजकूर कुठे तोडायचा हे संकेतांक मोजून न ठरवता प्रणालीतील अक्षरसीमा शोधणाऱ्या सुविधेने ठरवणे योग्य असते. ॲपने मजकुराची भाषा मराठी असल्याचे प्रणालीला कळवणेही उपयुक्त ठरते. ज्या फाँटमध्ये सोय असते, त्यांत मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' त्यामुळेच दिसतात, अन्यथा हिंदी वळणाची अक्षरे येतात.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १६३३३ (भाग ३) या मानकानुसार भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर २२ अनुसूचित भाषांतील मजकूर वाचता येणे अपेक्षित आहे. इंग्रजी, हिंदी आणि आणखी एका भारतीय भाषेत लिहिण्याची सोयही त्यात सांगितली आहे. हे मानक फोनला लागू होते. एखाद्या ॲपमधील बटणाची उंची 'द्द' सामावून घेते की नाही, हे त्याच्या कक्षेत येत नाही.

सुलभता

दृष्टिहीन व्यक्ती अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर या वाचकांच्या मदतीने फोन वापरतात. हे वाचक इंटरफेसचे झाड क्रमाने वाचून दाखवतात. केवळ चिन्ह असलेल्या बटणाला वर्णन दिलेले नसेल तर ऐकणाऱ्याला 'बिननावाचे बटण' एवढेच कळते. वर्णनेही संसाधन धारिकेत ठेवून अनुवादित करावी लागतात. हे राहून गेल्यास मराठी स्क्रीनवर मधूनच इंग्रजी शब्द ऐकू येतात. मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील रंगभेदाचे प्रमाण साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ असावे, असे आशयसुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. उन्हात फोन पाहणाऱ्या प्रत्येकालाच त्याचा फायदा होतो.

चाचणी

संगणकावरील आभासी फोनवर विविध आकार आणि घनता तपासता येतात. अनुवाद तयार होण्यापूर्वी छद्म-भाषांतराने मजकूर कृत्रिमरीत्या लांबवून कोणती चौकट अपुरी पडते हे पाहता येते. अँड्रॉइडच्या विकसक पर्यायांत स्क्रीन सोडताच ती नष्ट करण्याची सोय आहे. ती चालू ठेवून अर्ज भरून पाहिला की स्थिती जपली जाते का, हे तपासता येते. छद्म-भाषांतर मजकूर लांबवते, पण ते रोमन अक्षरांतच असते. त्यामुळे जोडाक्षरांचे छाटले जाणे त्यात उघड होत नाही, त्यासाठी खरा मराठी मजकूर, अक्षरे सर्वांत मोठी करून, छोट्या स्क्रीनच्या फोनवर पाहावा लागतो.