चित्रं नवी, गणित जुनं

नकाशा तयार होताना एका संगणकावर एक हरीण ठरल्या जागेपासून केसभर बाजूला उभं राहिलं. दुसऱ्या संगणकावर ते जागच्या जागी होतं. सुरुवातीला कोणाच्या काही लक्षात आलं नाही. हरीण चरत चरत जरा वेगळ्या अंगाला गेलं. काही मिनिटांनी त्याच्या मागावर निघालेला गावकरी किंचित वेगळ्या वाटेने चालला, त्याचा भाला हुकला आणि मांस घरी आलंच नाही. आता एका पडद्यावरच्या राज्यात अन्न आहे आणि दुसऱ्या पडद्यावरच्या त्याच राज्यात नाही. अशा वेळी खेळ पुढे चालूच शकत नाही.

'एज ऑफ एम्पायर्स'च्या जडणघडणीवर पॉल बेटनर आणि मार्क टेरॅनो यांनी २००१ मध्ये एक तांत्रिक निबंध वाचला होता. हा हरणाचा किस्सा त्यातलाच. या खेळाचा दुसरा भाग १९९९ चा. अमेरिकेत डॅलसच्या एन्सेंबल स्टुडिओजने तो घडवला आणि मायक्रोसॉफ्टने बाजारात आणला. आपलं शहर तेव्हा औरंगाबाद होतं. सिडको-उस्मानपुऱ्यातल्या नेट कॅफेंपासून इंजिनिअरिंगच्या होस्टेलांपर्यंत जिथे चार पीसी लॅनने जोडलेले असत, तिथे रात्री गावं वसत आणि पहाटेपर्यंत बेचिराख होत. आज चाळिशीत असलेल्या त्या पिढीला पुजाऱ्याचं 'वोलोलो' अजून ऐकू येतं. (ते खरं पहिल्या भागातलं, पण आठवणीत दोन्ही भाग एकच झालेत.) याच दुसऱ्या भागाचा संपूर्ण रिमेक, 'डेफिनिटिव्ह एडिशन', १४ नोव्हेंबर २०१९ रोजी आला. रिमेक म्हटलं की लोक चित्रांबद्दल बोलतात. माझ्या मते चित्रं हा त्यातला सोपा भाग आहे. अवघड आहे ते जुनं गणित न मोडणं.

बेटनर-टेरॅनो यांच्या निबंधाच्या नावातच दोन आकडे आहेत: १,५०० तिरंदाज आणि २८.८ चा मोडेम. त्या काळचा हा मोडेम सेकंदाला २८,८०० बिट, म्हणजे ३,६०० बाइट वाहून नेई. मैदानात १,५०० शिपाई असतील तर एकेकाच्या वाट्याला सेकंदाला अडीच बाइटही येत नाहीत. शिपाई कुठे उभा आहे, तोंड कुठे आहे, जखमी किती आहे, हे सांगायला तेवढे कुठून पुरणार? या पद्धतीने फार तर अडीचशे हलते शिपाई दाखवता येतील, असा त्यांचा हिशोब निघाला. म्हणून त्यांनी शिपायांची खबर पाठवणंच सोडून दिलं. तारेवरून जायचा तो फक्त हुकूम: हे चाळीस स्वार त्या टेकडीकडे. पुढची सगळी लढाई प्रत्येक संगणकाने आपापली लढायची. दोन्हीकडची बेरीज-वजाबाकी तंतोतंत जुळली, तर दोन्ही पडद्यांवर तीच लढाई दिसणार.

यात नशिबाचाही भाग आहे. साध्या तिरंदाजाची अचूकता ८० टक्के ठरलेली आहे, म्हणजे प्रत्येक बाणामागे एक फासा पडतो आणि तो दोन्हीकडे सारखाच पडायला हवा. संगणकाचा फासा खरा नसतोच. एका बीज-आकड्यापासून ठरलेल्या सूत्राने निघणारी ती आकड्यांची रांग असते. बीज तेच, तर रांग तीच. पण एका बाजूने रांगेतला एक आकडा चुकून जास्त उचलला, तर तिथून पुढचा प्रत्येक बाण वेगळा पडतो. ते हरीण आणि हा फासा, दोघांचा रोग एकच.

दिलेला हुकूम तत्क्षणी अमलातही येत नाही. तो सगळ्यांकडे पोहोचायला अवधी मिळावा म्हणून दोन फेऱ्या थांबवतात, आणि एक फेरी साधारण सेकंदाच्या पाचव्या भागाची. निर्मात्यांना इथे एक गमतीची गोष्ट आढळली. पाव सेकंदाचा उशीर खेळाडूंना कळतच नव्हता आणि अर्ध्या सेकंदापर्यंत ते निभावून नेत. चिडत कधी, तर उशीर कधी कमी कधी जास्त झाला की. संथ पण एकसारख्या लयीशी हात जुळवून घेतो.

चित्रांची कहाणी त्या मानाने सरळ आहे. जुना खेळ २५६ रंगांच्या तक्त्यावर चाले. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यात रंग नसे, तक्त्यातला क्रमांक असे. विंडोज ७ आलं आणि तक्त्याच्या काही घरांत दुसराच प्रोग्रॅम आपले रंग भरू लागला. मग गवत जांभळं आणि पाणी लालसर. त्यावरचा इलाज ज्यांनी केला त्यांना आठवत असेल: टास्क मॅनेजर उघडायचा, 'एक्स्प्लोरर' बंद करायचं आणि मगच खेळ चालू करायचा. रिमेकमध्ये तक्ताच गेला. इमारती आणि शिपाई नव्याने घडवले गेले, कोसळणारा किल्ला आता दगडादगडाने ढासळतो, चित्र जवळ-लांब करता येतं. मूळचा स्टुडिओ २००९ मध्येच बंद पडला होता. पुढचं काम ज्यांनी उचललं त्यांतली 'फरगॉटन एम्पायर्स' ही मंडळी तर मुळात हौशी खेळाडूच. आपल्या आवडीपोटी जुन्या खेळाला नवी राज्यं जोडत होती. जुनं गणित कुठे हात लावू देत नाही, हे त्यांना सांगावं लागलं नसणार.

बाणाचंच बघा. खेळातल्या विद्यापीठात 'बॅलिस्टिक्स' शिकून घेण्याआधी तिरंदाज नेम धरतो तो समोरचा माणूस बाण सुटताना जिथे होता त्या जागेवर. माणूस चालत राहिला तर बाण मागे पडतो. शिक्षण झाल्यावर तिरंदाज पुढचा अंदाज बांधतो: बाणाचा वेग इतका, माणसाचा इतका, तर दोघं भेटतील कुठे? वर्गसमीकरण सोडवलं की जागा मिळते. जाणते खेळाडू पहिल्या टप्प्यात नागमोडी पळून फुकट बाण चुकवतात. कोणी हे दुरुस्त करून पहिल्यापासूनच शहाणे तिरंदाज दिले असते, तर खेळ जास्त वास्तव झाला असता आणि वीस वर्षांची तालीम पाण्यात गेली असती.

हुकूमच साठवायचे असल्यामुळे तासाभराच्या लढाईचं रेकॉर्डिंग अगदी चिमुकल्या फाइलमध्ये मावतं. त्यात चित्र नसतं, फक्त कोणी कधी काय सांगितलं याची यादी. पण खेळाच्या पुढच्या आवृत्तीत एखाद्या भालाईताचा एखादा आकडा बदलला, की जुनी यादी नव्या नियमांवर चालवून वेगळीच लढाई होते. म्हणून जुनी रेकॉर्डिंग नव्या आवृत्तीत चालत नाहीत. दुसरी अडचण लबाडीची. प्रत्येक संगणक सगळी लढाई स्वतः चालवतो, तेव्हा शत्रूचा लपलेला तळही त्याच्या स्मृतीत असतोच. तो झाकणारं धुकं केवळ पडद्यावर असतं. ते बाजूला करणारे प्रोग्रॅम निघाले, यात नवल नाही.

वाट शोधण्याचं कोडं मात्र जुन्या-नव्या दोघांनाही छळतं. त्यासाठीची 'ए-स्टार' रीत १९६८ मध्ये पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफाएल यांनी मांडली, ती शेकी नावाच्या यंत्रमानवाच्या कामातून. आजवर कापलेलं अंतर आणि सरळ रेषेत उरलेलं अंतर यांची बेरीज जिथे सर्वात कमी, ती वाट आधी तपासायची. एकट्या माणसाला हे उत्तम जमतं. चाळीस स्वारांना एकाच वेळी विचारलं की चाळीसही जण तीच जवळची वाट सांगतात, आणि मग तटातल्या एका दारात जे होतं ते संध्याकाळी सहाला मकाई दरवाजात उभं राहून बघावं. नव्या खेळातही स्वार दारात अडकतात म्हणून खेळाडू कुरकुरत राहिले, आणि दुरुस्त्याही येत राहिल्या.

२०१३ च्या जोडभागात अख्खा भारत मिळून एकच राज्य होतं. २८ एप्रिल २०२२ च्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया'मध्ये बंगाली, द्रविड आणि गुर्जर वेगळे झाले आणि जुन्या 'इंडियन्स'चे हिंदुस्तानी झाले. देवगिरीच्या यादवांना मात्र त्यात स्वतंत्र घर नाही. बसवायचं तर द्रविडांत की गुर्जरांत, यावर आपल्याकडे चांगलं भांडण होऊ शकेल. हिंदुस्तान्यांकडे 'घुलाम' नावाचं पायदळ आहे, तिरंदाजांवर धावून जाणारं. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा कर्ता झाला आणि १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे हेच शहर. खेळाचा काळ त्याच्या थोडा आधीच संपतो.

देवगिरी या खेळात उभारली तर? उंचावरून केलेला वार २५ टक्के जड, खालून वर केलेला २५ टक्के हलका, असा नियम आहे. टेकडी एक पायरीची असो की सात, टक्का तोच. त्यामुळे पायथ्यापासून सुमारे दोनशे मीटर उठलेला, कडे तासून उभा केलेला डोंगर आणि साधा उंचवटा खेळाच्या लेखी सारखेच. आणि १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीने वेढा घातला तेव्हा किल्ला पडला तो तटाच्या कमजोरीमुळे नव्हे. धान्य म्हणून वर नेलेल्या गोण्यांत मीठ निघालं, असं सांगतात. या खेळात शिपाई भरती करताना अन्न मोजतो आणि पुढे जन्मभर उपाशी लढतो. १६२४ ची भातवडीची लढाईही बसत नाही. तिथे मलिक अंबराने तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या तळाखालची जमीन चिखल केली, आणि खेळातल्या घोड्याला गवत काय, वाळू काय, वेग एकच.

तरी खेळासोबत मिळणाऱ्या नकाशा-संपादकात यातलं बरंच जमवता येईल. 'ट्रिगर' लावून कोठारातलं अन्न संपताच शिबंदीचं बळ थोडं थोडं उतरवता येतं. नव्या आवृत्तीत आकडे बदलणारा ट्रिगरही आहे, म्हणजे पाणी सुटलं की घोड्यांचा वेग निम्मा करायचा. मिठाच्या गोण्या त्याहून सोप्या: कोठारात अन्नाचा आकडा दाखवायचा आणि वेढा पडला की शून्य करायचा.