पांढुर्ण्याच्या उन्हातला घरगुती ॲम्प्लिफायर

२०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके आहेत. कचेरीत हिंदी, घरात मराठी, आणि मोठ्या खरेदीला नागपूर. पोळा, गणपती, जामसावळीच्या हनुमानाचं भजन, सगळ्यालाच आवाज लागतो. इथे घरी ॲम्प्लिफायर जोडायला बसलेल्याने वॅटच्या आधी उन्हाचा विचार करावा, असं माझं ठाम मत आहे.

अशा ॲम्प्लिफायरची आउटपुट ट्रान्सफॉर्मरशिवायची रचना आरसीए कंपनीतल्या एच. सी. लिन यांनी १९५६ मध्ये मांडली. तेव्हा दमदार ट्रान्झिस्टरची परस्परपूरक जोडी, म्हणजे एक एनपीएन आणि एक पीएनपी, सहज मिळत नव्हती, म्हणून त्यांनी शेवटच्या टप्प्यात एकाच जातीचे दोन वापरले. आज सी ५२०० आणि ए १९४३ ही जोडी कुठेही मिळते. नकलीही भरपूर मिळते. भाव फारच कमी सांगितला तर घेऊ नका.

जोडीतला एक लाटेचा वरचा अर्धा भाग उचलतो, दुसरा खालचा. मधल्या सांध्यावर दोघेही बंद पडले की हळू आवाजातली हार्मोनियम खरखरते. म्हणून गाणं नसतानाही दोघांतून थोडा करंट वाहता ठेवतात. हाच बायस.

तो लावताना स्पीकर काढलेला, इनपुट शॉर्ट केलेला, प्रीसेट सर्वांत कमी बायसवर आणि मेन लाइनमध्ये १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. तसाच उजळ राहिला तर प्लग काढा, कुठेतरी शॉर्ट आहे. सगळं ठीक असेल तर बल्ब काढून ०.२२ ओमच्या एमिटर रेझिस्टरवर मीटर लावा आणि प्रीसेट केसभर केसभर फिरवा. ११ मिलिव्होल्ट दिसले की ५० मिलिॲम्पिअर झाले.

पण ट्रान्झिस्टर तापला की त्याचं बेस-एमिटर व्होल्टेज अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं. थंडीत लावलेला बायस मे महिन्यात वर चढतो. करंटने उष्णता, उष्णतेने पुन्हा करंट, असं करत जोडी जळते. म्हणून बायस ठरवणारा ट्रान्झिस्टर या जोडीच्याच हीटसिंकवर बसवायचा, अभ्रक आणि पांढरी पेस्ट लावून. मग अर्धा तास वाजवून, गरम असतानाच बायस पुन्हा तपासायचा. इथे कंजुषी हीटसिंकमध्ये करू नये.

२४-०-२४ च्या ट्रान्सफॉर्मरमधून दोन्ही बाजूंना ३३ व्होल्टच्या आसपास डीसी मिळतो. ८ ओमवर त्यातून खरे ५० वॅट निघतात. भजनी मंडळाला तेवढे पुष्कळ. गुणगुण येत असेल तर इनपुट, स्पीकर आणि फिल्टर कपॅसिटरचं ग्राउंड एकाच ठिकाणी आणा.

आणि नव्याने सोल्डर हाती घेणाऱ्या मुलांना एवढंच: प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये व्होल्टेज उरतं. आत हात घालण्याआधी मीटर लावून बघा.