पडवी मोजली का?

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात गेल्या उन्हाळ्यात आर्किटेक्टच्या ऑफिसातला एक मुलगा टेप घेऊन आला. दिंडी दरवाजातून वाकून आत शिरला, चौकातल्या तुळशीवृंदावनाशेजारी बॅग ठेवली आणि काकूंच्या बिऱ्हाडापासून मोजायला लागला. बाहेरची खोली दहा बाय बारा, मधली दहा बाय बारा, स्वयंपाकघर दहा बाय आठ. एकूण ३२० चौरस फूट, असं त्यानं वहीत लिहिलं. तोवर सगळा वाडा चौकात जमला होता. वरच्या मजल्यावरचे काका सांगत होते, मोजणी झाली म्हणजे फ्लॅट पक्का. कुणी म्हणालं, पालिकेची नोटीस लागलीय, आपला हक्क तर गेलाच. एकाला खात्री होती की इथे वीस मजले होणार. दुसऱ्याला तेवढीच खात्री होती की शनिवारवाडा जवळ असल्यामुळे एक वीटही रचता येणार नाही.

पुण्याच्या पेठांमध्ये घराचा निर्णय बऱ्याचदा असाच होतो, चौकातल्या बोलण्यावर. तीन-तीन पिढ्यांनी जपलेली जागा आणि सही होते ती ऐकीव माहितीवर. मला याचं फार वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेक गोष्टी तपासून घेता येतात आणि त्या तपासण्यासाठी वकीलच असावं लागत नाही.

नोटिशीपासून सुरुवात करू, कारण माणसं सर्वांत जास्त घाबरतात ती तिलाच. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली तिला तो अधिकार आहे. नोटीस लागली, वाडा उतरवला, की भाडेकरूचा हक्क संपला असं पेठेत सर्रास मानलं जातं. म्हणून माणसं तडे गेलेल्या भिंतींना टेकू देऊन जीव मुठीत धरून राहतात. पण सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच स्पष्ट केलं आहे की इमारत निसर्गाच्या कोपानं पडली किंवा पालिकेनं पाडली, तरी तेवढ्यावरून भाडेकरूचा हक्क नष्ट होत नाही. भाडेकरार नुसत्या भिंतींचा नसतो, खालच्या जमिनीचाही असतो. तेव्हा धोकादायक वाड्यात अडून बसल्यानं हक्क वाचतो हे खरं नाही. हक्क वाचवतात ते कागद: भाडेपावत्या, वीजबिलं, आणि जागा रिकामी करण्याआधी करून घेतलेली क्षेत्रफळाची लेखी नोंद. यातली शेवटची गोष्ट सगळे विसरतात. घर पाडून झाल्यावर ते किती मोठं होतं हे सिद्ध करणं महाकठीण.

याच्या उलट बाजूचा समजही तितकाच पक्का असतो. भाडेकरूला मालकीचा फ्लॅट फुकट मिळतोच, तो कायदाच आहे, असं म्हणतात. तसं नाही. ३१ मार्च २००० पासून लागू झालेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा भाडेकरूला संरक्षण देतो. मालकानं पाडून नवं बांधण्यासाठी जागा परत घेतली, तर ठरलेल्या अटींवर नव्या इमारतीत जागा मागण्याचा हक्कही देतो. पण ती जागा भाडेकरू म्हणूनच. भाडेकरूचा मालक होतो तो करारामुळे. बिल्डर तयार होतो, कारण अधिकृत भाडेकरूंचं पुनर्वसन केलं की बांधकाम नियमावलीनुसार त्याला जादा एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची मुभा मिळते. म्हणजे आपण याचक नाही, पण लॉटरीही लागलेली नाही. हा व्यवहार आहे आणि तो व्यवहारासारखाच वाचून करायला हवा.

मालकांबद्दलही एक अन्याय होतो, तो इथंच सांगतो. वाडा मुद्दाम पाडायला लागावा म्हणून मालक डागडुजी करत नाही, असं प्रत्येक भाडेकरू म्हणतो. काही ठिकाणी ते खरंही असेल. पण महिना ५० रुपये भाडं असेल आणि कायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढ घेता येत असेल, तर ती वाढ होते २ रुपये. एक सागवानी तुळई बदलायला किती खर्च येतो ते सुताराला विचारा. त्यात मिळकत पत्रिकेवर वीस-पंचवीस वारसांची नावं, निम्मे परगावी, दोघं-तिघं परदेशात. पेठांतले कितीतरी वाडे या सह्या न जमल्यामुळे कुजतात. आणि वाडे बिल्डरांनी संपवले असं सरसकट म्हणताना १२ जुलै १९६१ विसरून चालणार नाही. त्या दिवशी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांमधली मातीच्या भिंतींची घरं पाण्यात अक्षरशः विरघळली. कसबा, शनिवार, नारायण या पेठांचा जुना चेहरा पहिल्यांदा पुसला तो त्या पुरानं.

आता उंचीकडे येऊ. 'उंच इमारत' म्हटलं की डोळ्यांसमोर वीस-तीस मजले येतात. राष्ट्रीय इमारत संहितेच्या, म्हणजे २०१६ च्या एनबीसीच्या लेखी १५ मीटर उंचीची इमारतसुद्धा हायराइज. खाली पार्किंग आणि वर पाच मजले झाले की आपण तिथे पोचतो. म्हणजे पेठेतल्या ज्या इमारतीला आपण साधी अपार्टमेंट म्हणतो, ती आगीच्या हिशेबात उंच इमारत असू शकते.

'जास्त मजले म्हणजे जास्त माणसं' हेही गणित वाटतं तितकं सरळ नाही. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा. मजल्यांची संख्या त्यात नसते. १००० चौरस मीटरचा प्लॉट आणि २ एफएसआय असेल, तर बांधकाम २००० चौरस मीटर. प्रत्येक मजला ५०० चौरस मीटरचा केला तर चार मजले, २५० चा केला तर आठ. घरं तेवढीच, माणसं तेवढीच. आठ मजल्यांच्या बाबतीत जमीन मात्र जास्त मोकळी राहते. दाटी वाढते ती एफएसआय वाढल्यानं. म्हणून समोरच्या प्लॉटवर किती मजले मंजूर झाले यापेक्षा किती एफएसआय मंजूर झाला आणि त्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडून आणलेला बांधकामाचा हक्क किती, हे विचारावं.

आणि वीस मजले गल्लीबोळात होत नाहीत. समोरचा रस्ता किती रुंद यावर एफएसआय ठरतो, उंची वाढली की बाजूला सोडायची जागा वाढते. तीन गुंठ्यांचा, म्हणजे साधारण ३०० चौरस मीटरचा सुटा वाडा असेल, तर टॉवर कागदावरही बसत नाही. म्हणूनच बिल्डर शेजारचे दोन-तीन वाडे एकत्र करायच्या मागे असतात.

शनिवारवाड्याचा मुद्दा मात्र निव्वळ अफवा नाही. पुरातत्त्व खात्यानं संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी घेऊनच करता येतं. २०१० च्या दुरुस्तीनं ही बंदी कायद्यात पक्की झाली. पण १०० मीटरांच्या आत दुरुस्तीलाही बंदी आहे, हा गैरसमज आहे. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभं असलेलं घर परवानगी घेऊन दुरुस्त करता येतं, ते पाडून नवं उभारता येत नाही. या पट्ट्यातल्या कुटुंबांची अवस्था खरोखर बिकट आहे. शेजारच्या पेठेत लिफ्ट आली, इथे वाशांना वाळवी लागतेय. या माणसांचं दुःख फारसं कुणी ऐकत नाही, आणि इतिहास जपण्याचा सगळा भार त्यांच्या एकट्यांच्या छपरावर ठेवणं मला न्याय्य वाटत नाही. शिवाय जुना वाडा म्हणजे आपोआप हेरिटेज, असंही नसतं. वारसा यादीत नाव असेल तरच ते नियम लागू होतात.

फसगत सर्वांत जास्त होते ती 'रेरा', म्हणजे स्थावर संपदा नियमन कायदा, या शब्दात. रेरा आहे, आता काळजी नाही, असं म्हणत माणसं डोळे मिटतात. पण कायद्यानुसार ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी नसलेली जमीन किंवा आठपेक्षा जास्त नसलेली घरं असा प्रकल्प असेल, तर रेराची नोंदणी सक्तीची नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. पेठेतले कितीतरी वाडे यापेक्षा लहान! म्हणजे ज्या छोट्या प्रकल्पांत बिल्डरही छोटा आणि जोखीम मोठी, नेमके तेच या जाळीतून निसटतात. नोंदणी असली तरी ती काही सरकारची हमी नव्हे. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, माहिती जाहीर करावी लागते, ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी राहते. हे सगळं मोलाचं आहे, पण त्याचा रोख मुख्यतः फ्लॅट विकत घेणाऱ्याकडे आहे. जुन्या रहिवाशाचं चिलखत म्हणजे त्याचा स्वतःचा करार.

आणि तो करार नोंदवलेला हवा. 'नोटरी केलंय' हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता धडकी भरते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं स्टॅम्प पेपरवर नोटरी करून जागा सोडली. दीड वर्षानं बिल्डरकडून पर्यायी घराचं भाडं यायचं थांबलं आणि हातात होता तो कागद कुणाला दाखवावा हेच त्यांना कळेना. नोटरीचा शिक्का सही कुणी केली एवढंच सांगतो. जागेवर हक्क देणारा करार दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा लागतो. त्या करारात पर्यायी घराचं भाडं किती आणि कधीपर्यंत, उशीर झाला तर काय, बँक गॅरंटी किती, आणि क्षेत्रफळ कार्पेट की आणखी कुठलं, हे अक्षरी लिहिलेलं हवं. रेराच्या व्याख्येनुसार कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. '४५० मिळणार' या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नाही. ४५० काय, ते विचारा.

डेक्कन, एरंडवण्यातल्या जुन्या सोसायट्यांची गोष्ट वेगळी. तिथे 'एकानं अडवलं की सगळं अडतं' असं समजतात. नोंदणीकृत सहकारी गृहरचना संस्थेसाठी ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे. त्यानुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते. मात्र तुमची इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल, तर हा निर्णय तिला लागू नाही. पुण्यात आपण दोन्हींना 'सोसायटी'च म्हणतो आणि घोळ तिथेच होतो. खरेदीखताबरोबर डीड ऑफ अपार्टमेंट आहे की सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, तेवढं कपाटातून काढून बघा.

'टॉवर आले की पेठेतली वाहतूक कोलमडणार', याला मी गैरसमज म्हणणार नाही. लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता उभं राहिलेल्या माणसाला ते पटवायचं तरी कसं? पण दुसरी बाजू बघायला हवी. २९ सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट ही भुयारी मेट्रो स्थानकं सुरू आहेत. शहर मात्र उलट दिशेनं पसरतंय: २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली. मंडईपाशी राहणारं कुटुंब भाजीला, शाळेला, देवळात पायी जातं. तेच कुटुंब हद्दीवरच्या गावात गेलं की त्याच कामांसाठी दोन गाड्या लागतात. माझा राग पेठेत नवी घरं होण्यावर नाही. मेट्रो दाराशी असूनही प्रत्येक घरामागे गाडीची जागा मोजत तळमजला पार्किंगला देऊन टाकण्यावर आहे. जिथं ओटा होता, बोळातून जाणारा माणूस थांबून दोन शब्द बोलायचा, तिथं आता लोखंडी शटर आणि गाड्या वरखाली करणारं यंत्र. चौक गेला याचं दुःख मला वाड्यातल्या कुठल्याही तुळईपेक्षा जास्त आहे.

आगीबद्दल एकच सांगतो. नव्या इमारतीत यंत्रणा बसवली म्हणजे काम झालं, असं नसतं. २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार ती चालू असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला, म्हणजे 'फॉर्म बी', दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. ही जबाबदारी बिल्डरची नाही, राहणाऱ्यांची. वाड्यात विहिरीवर पंप चालतोय का ते कुणीतरी बघायचंच. इथे ते कुणी बघायचं, हे पहिल्याच सभेत ठरवा.

तर, त्या दिवशी मुलगा ३२० लिहून पुढच्या दाराशी निघाला. काकूंनी त्याला थांबवलं. "बाळा, पडवी मोजली का?"

"काकू, पडवी कॉमन असते," तो म्हणाला.

काकू आत गेल्या. पत्र्याच्या डब्यातून, रबरबँड लावलेल्या गठ्ठ्यातून त्यांनी एक पिवळी पडलेली भाडेपावती काढली. सासऱ्यांच्या नावाची. त्यावर शाईनं लिहिलं होतं: 'खोल्या तीन व समोरील पडवी'. मुलानं ती दोनदा वाचली, फोटो काढला, आणि पुन्हा टेप उघडला. चार बाय दहा. ३२० वर काट मारून त्यानं ३६० लिहिलं. काकूंनी चष्मा लावला, वही हातात घेऊन आकडा स्वतः वाचला, आणि मगच खाली सही केली.