फँटसी फुटबॉलचा ‘ड्राफ्ट’ : आधी कोणता खेळाडू घ्यायचा? समजून घ्या टंचाईचे गणित

छत्रपती संभाजीनगर : गल्ली क्रिकेटमध्ये दोन कॅप्टन समोरासमोर उभे राहतात आणि आलटून-पालटून भिडू घेतात. एकाने घेतलेला भिडू दुसऱ्याला मिळत नाही. फँटसी फुटबॉलमधला ‘ड्राफ्ट’ याच पद्धतीने चालतो. फरक इतकाच, की भिडू इंग्लिश प्रीमियर लीगचे असतात आणि कॅप्टन आठ-दहा. पैसे लावून खेळायच्या फँटसी स्पर्धा ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाल्या. त्यामुळे आता मित्रांच्या मोफत लीगचा पर्याय उरतो. त्यात जिंकायचे कसे, हे समजून घेऊया.

ड्राफ्ट म्हणजे नेमके काय?

‘फँटसी प्रीमियर लीग’च्या (एफपीएल) नेहमीच्या खेळात प्रत्येकाला १० कोटी पौंडांचे काल्पनिक बजेट मिळते. त्यात १५ खेळाडू घ्यायचे असतात. एर्लिंग हालँड परवडत असेल तर तो तुमच्याही संघात असू शकतो आणि मित्राच्याही. ड्राफ्टमध्ये बजेट नसते. एका लीगमध्ये एक खेळाडू एकाच व्यक्तीकडे राहतो. संघाची रचना मात्र तीच : २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर आणि ३ फॉरवर्ड.

ही कल्पना अमेरिकेतली. ओकलंड रेडर्स या अमेरिकन फुटबॉल क्लबचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी १९६२ मध्ये काही सहकाऱ्यांसोबत असा खेळ आखला. पुढच्या वर्षी आठ संघांचा पहिला ड्राफ्ट झाला.

क्रम ‘सापासारखा’ का?

समजा, सिडको-गारखेड्यातल्या आठ मित्रांनी लीग काढली. पहिल्या फेरीत १ ते ८ असा क्रम लागतो, दुसऱ्यात उलटा म्हणजे ८ ते १. सापाच्या वळणासारखा हा क्रम १५ फेऱ्या फिरतो आणि एकूण १२० खेळाडू निवडले जातात.

- पहिल्या क्रमांकाची पाळी : १, १६, १७, ३२
- चौथ्या क्रमांकाची पाळी : ४, १३, २०, २९
- आठव्या क्रमांकाची पाळी : ८, ९, २४, २५

पहिल्याला सर्वात मोठा तारा मिळतो. पण त्याची पुढची पाळी येईपर्यंत १४ खेळाडू गेलेले असतात. शेवटच्याला तारा मिळत नाही, मात्र तो लागोपाठ दोन चांगले खेळाडू उचलतो. म्हणून प्रत्येक पाळीला प्रश्न एकच असतो : माझी पुढची पाळी येईपर्यंत कोण शिल्लक राहणार नाही?

‘सर्वात जास्त गुण’ हा निकष फसवा का?

मोहम्मद सालाहने २०२४-२५ च्या मोसमात २९ गोल आणि १८ असिस्ट करून एफपीएलमध्ये विक्रमी ३४४ गुण मिळवले. असा खेळाडू पहिल्या फेरीत घेणे सोपे. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. सर्वोत्तम गोलकीपर मोसमात १५० गुण देईल आणि नववा गोलकीपर १३०, असे धरा. दुसरीकडे एक फॉरवर्ड १४५ गुण देईल. पण तो गेला तर पुढच्या पाळीला उरणारा फॉरवर्ड जेमतेम ९० देईल. नुसते गुण पाहणारा गोलकीपर घेईल. फरक पाहणारा फॉरवर्ड घेईल, कारण गोलकीपर हुकला तर तोटा २० गुणांचा आहे आणि फॉरवर्ड हुकला तर ५५ चा.

हा फरक टंचाईतून येतो. आठ जणांना मिळून २४ फॉरवर्ड लागतात. लीगमध्ये क्लब २० आणि त्यातले बरेचसे एकच मुख्य फॉरवर्ड खेळवतात. म्हणजे नियमित खेळणारे फॉरवर्ड सर्वांना पुरणे अवघड. गोलकीपर १६ लागतात आणि २० क्लबचे २० नियमित गोलकीपर असतात. शिवाय दर आठवड्याला तुमच्या एकाच गोलकीपरचे गुण मोजले जातात.

कोणत्या फेरीत काय घ्यावे?

- फेरी १ ते ३ : गोल करणारे मिडफिल्डर आणि पहिल्या फळीचे फॉरवर्ड. गोलसाठी मिडफिल्डरला ५ गुण मिळतात, फॉरवर्डला ४. त्यामुळे यादीत ‘मिडफिल्डर’ असलेला विंगर जास्त फायद्याचा ठरतो.
- फेरी ४ ते ८ : पेनल्टी, कॉर्नर, फ्री-किक घेणारे खेळाडू आणि भक्कम बचाव असलेल्या क्लबचे डिफेंडर. डिफेंडरला गोल न खाल्ल्यास ४ गुण आणि गोल केल्यास ६ गुण मिळतात.
- फेरी ९ ते १२ : नाव मोठे नसले तरी दर आठवड्याला ९० मिनिटे खेळणारे खेळाडू. बाकावर बसलेला तारा शून्य गुण देतो.
- फेरी १३ ते १५ : दुसरा गोलकीपर आणि एखादा नवखा खेळाडू, ज्याच्यावर डाव लावता येईल.

एक सापळा नेहमीचा आहे. एकाने गोलकीपर घेतला, की पाठोपाठ तिघे घाबरून गोलकीपर घेतात. अशा वेळी रांगेत न शिरता इतरांनी सोडलेला चांगला मिडफिल्डर उचलावा.

दर निवडीला एक मिनिट धरले तरी १२० निवडींना दोन तास लागतात. मध्येच वीज किंवा नेट गेले तर ॲप तुमच्या वतीने खेळाडू निवडते. म्हणून पसंतीची ‘वॉचलिस्ट’ आधीच क्रमाने लावून ठेवा.

ड्राफ्टनंतर काम संपते का?

नाही. कोणीही न घेतलेल्या खेळाडूंसाठी दर आठवड्याला ‘वेव्हर’ची मागणी नोंदवता येते. गुणतक्त्यात तळाला असलेल्याला आधी संधी मिळते. त्यामुळे सुरुवात वाईट झाली तरी सावरता येते. मोसम ३८ आठवड्यांचा असतो आणि दुखापती सर्वांनाच गाठतात.

वेळही सांभाळावी लागते. संघ बदलण्याची मुदत आठवड्यातील पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी संपते. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी साडेबाराला पहिला सामना असेल, तर आपल्याकडे उन्हाळी वेळेनुसार दुपारी साडेतीनला मुदत संपते. ऑक्टोबरअखेर तिथली घड्याळे मागे गेली, की साडेचारला.

पैसे लावून लीग खेळता येईल का?

मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘ड्रीम११’चा खेळ कौशल्याचा आहे, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला होता. मात्र संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला. पैसे भरून, जिंकण्याच्या अपेक्षेने खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यास बंदी आली. त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा खेळांमध्ये सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी जवळपास २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारी अंदाज त्यावेळी समोर आला होता. त्यानंतर ‘ड्रीम११’ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या.

त्यामुळे मित्रांच्या लीगमध्येही ‘वर्गणी काढून विजेत्याला देऊ’ हा मोह टाळलेला बरा. एफपीएलचा ड्राफ्ट मोफत आहे. शेवटच्या क्रमांकावर आलेल्याने महिनाभर विजेत्याच्या पसंतीचा डीपी ठेवायचा, एवढी शिक्षा आठ मित्रांच्या ग्रुपला पुरेशी आहे.

ड्राफ्टआधी हे तपासा

- आपला क्रमांक आणि पुढच्या तीन पाळ्या कागदावर लिहा.
- प्रत्येक जागेसाठी खेळाडूंचे तीन गट करा : पहिली फळी, दुसरी फळी, उरलेले.
- एखाद्या गटात एकच नाव उरले, की आधी तिकडे वळा.
- दुखापत आणि क्लबबदलाच्या बातम्या त्याच दिवशी पुन्हा पाहा.