मनगटावरील यंत्र आणि खरें माप

शर्यतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या मनगटावर आतां केवळ वेळ दाखविणारें घड्याळ नसतें. तें धांवलेलें अंतर सांगतें, नाडीचे ठोके गणतें, आणि आज विश्रांति घ्यावी किंवा नाहीं याचाही सल्ला देतें. परंतु त्याच मैदानाच्या तितक्याच फेऱ्या काल पांच किलोमीटर भरल्या आणि आज पावणेपांच, असें झालें म्हणजे मुलें खट्टू होतात. आणि एवढें मोल देऊन घेतलेली वस्तु खोटें कां बोलते, असा प्रश्न पालकांस पडतो. याचें उत्तर असें कीं, हें यंत्र पुष्कळदां मोजीत नसून अदमास करीत असतें. तो अदमास कशावरून होतो हें कळलें म्हणजे त्यावर किती विसंबावें हेंही कळतें.

प्रथम नाडीचा विचार करूं. घड्याळाच्या पाठीमागें हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतें. म्हणून प्रत्येक ठोक्यासरशी मनगटांतील रक्त वाढलें कीं परत येणारा प्रकाश किंचित् कमी होतो. या चढउतारावरून ठोके गणले जातात. परंतु धांवतांना हात हलतो, पट्टा सैल असल्यास बाहेरचा उजेड आंत शिरतो, आणि थंडींत त्वचेंतील रक्तवाहिन्या आकसतात. पुष्कळ धांवणाऱ्यांचीं पावलें मिनिटास १६० ते १८० पडतात. कधीं कधीं यंत्र हीं पावलेंच नाडी समजून बसतें. सायकलवर मूठ आवळल्यानें व रस्त्याच्या हादऱ्यांनीं असाच घोटाळा होतो. छातीस बांधावयाचा पट्टा हृदयाचे विद्युत्स्पंदनच टिपतो, म्हणून तो सामान्यतः अधिक विश्वसनीय. मात्र कोरडा असल्यास आरंभीं तोही चुकतो.

अंतराची गोष्ट निराळी. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरील जी.पी.एस. उपग्रहांचे संदेश पोहोंचावयास किती वेळ लागला, यावरून घड्याळ आपलें ठिकाण ठरवितें. त्यासाठीं निदान चार उपग्रहांचे संदेश लागतात. या वेळेंत सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक झाली तरी अंतरांत ३०० मीटरांचा फरक पडतो. मोकळ्या आकाशाखालीं चूक बहुधा कांहीं मीटरांचीच असते. पण उंच इमारतींवर आपटून आलेला संदेश फसवितो. शिवाय घड्याळ एकेक बिंदु सरळ रेषेनें जोडीत जातें. त्यामुळें वळणें कापलीं जाऊन अंतर घटतें, आणि बिंदु इकडेतिकडे उडाले म्हणजे तें वाढतें.

मॅरेथॉन शर्यत ४२.१९५ किलोमीटरांची. ती संपतांना पुष्कळांचें घड्याळ याहून अधिक अंतर दाखवितें, आणि मार्गच लांब आंखला अशी कुरकूर होते. वस्तुतः तो मार्ग साध्या सायकलनें मोजलेला असतो! तिच्या पुढच्या चाकास अमेरिकेंत १९७१ सालीं निघालेलें ‘जोन्स काउंटर’ हें गणकयंत्र लावितात. पोलादी फितीनें मोजलेल्या सरळ रस्त्यावरून सायकल आधीं चार वेळां व काम संपल्यावर पुन्हा चार वेळां नेतात. कारण उन्हानें टायरांतील हवा प्रसरण पावली तरी चाकाचा घेर बदलतो. मार्ग कमी भरूं नये म्हणून हजारांत एक भाग, म्हणजे सुमारें ४२ मीटर, अधिक धरतात. मोजणी सर्वांत जवळच्या वाटेनें होते. धांवणारा मात्र गर्दींतून वळसे घेत जातो. येथें चाक उपग्रहाहून श्रेष्ठ ठरतें, तें त्याची रचना थोर म्हणून नव्हे, तर तें त्याच दिवशीं ज्ञात मापाशीं ताडून पाहिलेलें असतें म्हणून.

हाच नियम, विद्यार्थिमित्रांनो, आपणांसही पाळतां येईल. प्रमाणित धांवपट्टीच्या सर्वांत आंतल्या पट्ट्याची एक फेरी ४०० मीटरांची असते. तीवर आपलें घड्याळ पारखावें. सायकलच्या चाकाचा घेर स्वतः बसून, चाक एक फेरा चालवून, जमिनीवर मोजावा, २.१० मीटरांऐवजीं २.१५ नोंदला तर चाळीस किलोमीटरांत जवळजवळ एका किलोमीटराची चूक होते. नाडीचा आंकडा विचित्र वाटला तर थांबून लगेच मनगटावर दोन बोटें ठेवावींत, पंधरा सेकंदांतील ठोके मोजावेत व त्यांची चौपट करावी. धांवतांना पुरें वाक्य सहज बोलतां येत असेल तर श्रम बेताचे आहेत असें समजावें.

उलटपक्षीं, छातींत कळ आली, भोंवळ आली किंवा श्वास कोंडला, तर यंत्र कांहींही सांगो, तत्काळ थांबून वडील मंडळींस कळवावें. पालकांनींही केवळ आंकड्यावरून मुलाच्या मेहनतीविषयीं शंका घेऊं नये. यंत्र हें साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. आणि साक्षीदाराची उलटतपासणी केल्यावांचून निकाल देऊं नये, हेंच शहाणपणाचें.