क्लिंट, कोरे

(१५ डिसेंबर १८८८ – २८ मार्च १९५४). ख्यातनाम डॅनिश वास्तुविशारद, गृहशोभनकार व फर्निचर-अभिकल्पक. गृहशोभन हा केवळ अभिरुचीचा वा हौसेचा विषय न राहता मोजमाप, निरीक्षण व कारागिरी यांवर आधारलेली आणि म्हणूनच पद्धतशीरपणे शिकविता येण्याजोगी विद्याशाखा व्हावी, या दृष्टीने त्याने व्यवसाय व अध्यापन या दोन्ही क्षेत्रांत केलेले कार्य मूलगामी ठरले. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर प्रसिद्धी पावलेल्या डॅनिश फर्निचरचा वैचारिक पाया मुख्यत्वे त्याने घातला.

त्याचा जन्म कोपनहेगनलगतच्या फ्रेदरिक्सबर्ग येथे झाला. त्याचे वडील पेदर व्हिल्हेल्म येन्सन-क्लिंट हे नामवंत वास्तुविशारद होते. कोरेने प्रथम चित्रकलेचे शिक्षण घेतले. वास्तुकलेचे धडे त्याला कोणत्याही विद्यालयात मिळाले नाहीत. ते त्याने वडिलांच्या व कार्ल पीटरसन या वास्तुविशारदाच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करीत घेतले. पुढे इतरांसाठी शिक्षणाची शिस्तबद्ध चौकट उभारणारा हा शिक्षक स्वतः मात्र उमेदवारीच्या जुन्या परंपरेतून घडला होता. कारागीराच्या ज्ञानाविषयी त्याला आयुष्यभर वाटत आलेल्या आदराचे मूळ या घडणीत सापडते.

त्याचे पहिले महत्त्वाचे काम फॉबोर्ग येथील कलासंग्रहालयाचे. डबाबंद खाद्यपदार्थांचे कारखानदार मास रासमुसेन यांनी १९१० मध्ये स्थापन केलेल्या या संग्रहालयाची इमारत पीटरसनने उभारली आणि तिच्यातील फर्निचरच्या कामात क्लिंटने त्याला साहाय्य केले. येथील ‘फॉबोर्ग खुर्ची’ (१९१४) ही वास्तूच्या गरजांतूनच निर्माण झाली. चित्रे पाहणाऱ्यास ती सहज उचलून हवी तेथे नेता यावी म्हणून ती हलकी केलेली आहे. पाठ ठेंगणी व वक्राकार असल्याने भिंतीवरील चित्रे झाकली जात नाहीत. वेताच्या जाळीदार विणीतून जमिनीवरील नक्षीदार फरशीही दृष्टीस पडते. खोली, तिच्यातील वस्तू आणि तेथे वावरणारा माणूस यांचा एकत्रित विचार करण्याची क्लिंटची पद्धती येथे प्रथम स्पष्टपणे दिसून येते.

सु. १९१६–१७ पासून त्याने मानवी शरीराच्या प्रमाणांचा फर्निचरच्या मापांशी असलेला संबंध अभ्यासण्यास सुरुवात केली. माणूस किती उंचीवर आरामात बसतो, त्याचा हात कोठवर पोचतो, पाठीला नेमका कोठे आधार लागतो, यांची त्याने मोजमापे घेतली. त्याबरोबरच घरातील नित्योपयोगी वस्तूही मोजल्या. ताटे, पेले, काटे-चमचे, घडी घातलेले सदरे, टेबलावर अंथरण्याची वस्त्रे इत्यादींची सरासरी मापे काढून त्यांवरून कपाटाची खोली, खणांची उंची व फळ्यांतील अंतरे त्याने निश्चित केली. परिणामी त्याची कपाटे बाह्यतः आटोपशीर असूनही त्यांत बरेच सामान मावते, कारण त्यांतील जागा वाया जात नाही. कपाटाचा दर्शनी आकार आधी ठरवून मग त्यात वस्तू कशाबशा बसविण्याची रूढ रीत त्याने उलटी केली.

१९२१ ते १९२६ या काळात ईव्हार बेन्टसेन याच्या सहकार्याने क्लिंटने कोपनहेगन येथील अठराव्या शतकातील फ्रेदरिक्स हॉस्पिटलच्या जुन्या वास्तूचे उपयोजित कला संग्रहालयात रूपांतर केले. रुग्णांसाठी बांधलेल्या लांबट दालनांतून प्रदर्शनाची दालने तयार करताना त्याने मूळ इमारतीची प्रमाणबद्धता जपली. वस्तू मांडण्याच्या पेट्या, दिवे व आसने यांचे अभिकल्पही त्याने केले. येथील ‘लाल खुर्ची’ (१९२७) अठराव्या शतकातील इंग्लिश चिपेंडेल खुर्चीवर आधारलेली आहे. मूळ खुर्चीवरील कोरीवकाम त्याने वगळले, पण तिची रचना व बसण्यातील सोय कायम राखली. महॉगनीचे लाकूड आणि तांबूस चामडे यांची नैसर्गिक कांती हाच तिचा अलंकार होय.

रॉयल डॅनिश ॲकॅडमी ऑफ फाइन आर्ट्स या संस्थेत १९२४ मध्ये फर्निचर-अभिकल्पाचे स्वतंत्र शिक्षण सुरू झाले, ते क्लिंटच्याच नेतृत्वाखाली. १९४४ मध्ये तो तेथे प्राध्यापक झाला. त्याच्या अध्यापनक्रमात विद्यार्थ्याने आरंभीच काही नवे निर्माण करावे अशी अपेक्षा नसे. प्रथम उत्तम जुन्या वस्तूंची बारकाईने मोजणी करून त्यांची मापबद्ध रेखाटने तयार करावयाची. त्यांतील सांधे, लाकडाची जाडी व भार पेलण्याची रीत समजून घ्यावयाची. नंतर आजची गरज कोणती हे तपासून रचनेतील अनावश्यक भाग गाळावयाचा, असा हा क्रम होता. इंग्लिश, चिनी तसेच अमेरिकेतील शेकर पंथीयांच्या साध्या खुर्च्या ही त्याची आवडती उदाहरणे होती. याच सुमारास जर्मनीतील बाउहाउस (१९१९–३३) या संस्थेत परंपरेपासून फारकत घेऊन नव्या यंत्रयुगाला साजेशा आकारांचा शोध चालू होता. गरज व उपयुक्तता यांवरील भर दोन्हीकडे समान होता. तथापि पूर्वीच्या पिढ्यांनी सोडविलेले प्रश्न पुन्हा मुळापासून सोडवीत बसणे क्लिंटला निरर्थक वाटे.

त्याच्या या भूमिकेचे एक उदाहरण भारताशी निगडित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्यात एक सुटी करता येणारी खुर्ची प्रचारात आली. रुडकी येथील लष्करी अभियंत्यांच्या छावणीवरून तिला ‘रुडकी खुर्ची’ हे नाव पडले. तिच्या पायांच्या भोकांत आडव्या दांड्यांची निमुळती टोके नुसती बसविलेली असतात; सरस वा खिळे वापरलेले नसतात. बसणाऱ्याच्या भाराने सांधे आवळले जातात आणि जमीन उंचसखल असली, तरी चारही पाय टेकतात. ही खुर्ची पुढे आफ्रिकेतील सफरींतही वापरली जाऊ लागली. क्लिंटने तिचे तत्त्व जसेच्या तसे स्वीकारून मापे व तपशील सुधारले आणि १९३३ मध्ये आपली ‘सफारी खुर्ची’ सिद्ध केली. अनाम कारागीरांच्या अनुभवातून परिपक्व झालेली रचना अभिकल्पकाने स्वीकारावी, यात त्याला कमीपणा वाटत नसे.

१९३० मध्ये त्याने घडीची एक तिवई तयार केली. गोल लाकडी दांडा विमानाच्या पंख्याप्रमाणे पीळ देऊन उभा दुभागलेला असल्याने घडी केल्यावर तिचे पाय एकमेकांत मिसळून पुन्हा अखंड गोल दिसतात. ती करणे इतके अवघड होते, की तिचे उत्पादन त्याच्या मृत्यूनंतर, १९६२ मध्ये, सुरू झाले. १९३० मध्ये वडिलांचे निधन झाल्यावर कोपनहेगन येथील त्यांचे अपूर्ण ग्रुंटविग चर्च त्याने १९४० मध्ये पूर्ण केले. तेथील प्रचंड अंतर्भागात जड बाकांऐवजी विणलेल्या बैठकीच्या हलक्या खुर्च्या आहेत. त्याने मूळ बेथलेहेम चर्चसाठी १९३६ मध्ये या खुर्चीचा अभिकल्प केला होता. तिच्या पाठीमागे प्रार्थनापुस्तकासाठी फळीची योजना आहे. त्याच्या कुटुंबात घड्या घातलेल्या कागदाचे दिवे करण्याची प्रथा होती. त्या प्रकारातील त्याचा कंदील (१९४४) विशेष प्रसिद्ध आहे.

क्लिंटच्या कार्याला मर्यादाही होत्या. महॉगनीसारखे मौल्यवान लाकूड आणि निष्णात कारागीरांचे दीर्घ श्रम यांमुळे त्याचे फर्निचर सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर राहिले. सरासरी माप हे कोणा एका व्यक्तीचे माप नसते, ही अडचणही त्याच्या पद्धतीत अनुस्यूत होती. शिवाय डॅनिश घरातील कपडे व भांडी यांवरून काढलेली परिमाणे अन्यत्र, विशेषतः जमिनीवर बसण्याची चाल असलेल्या समाजांत, तशीच लागू पडणे शक्य नव्हते. मोजण्याची पद्धती मात्र कोठेही स्वीकारता येण्याजोगी होती आणि तिच्यामुळेच त्याचे अध्यापन त्याच्या स्वतःच्या कलाकृतींपेक्षा दूरवर पोचले. त्याचा विद्यार्थी बॉर्गे मोगेन्सन १९४२ मध्ये डॅनिश ग्राहक सहकारी संघाच्या फर्निचर विभागाचा प्रमुख झाला. त्याने साध्या लाकडात, यंत्रोत्पादनास अनुकूल अशी स्वस्त व टिकाऊ आसने निर्माण केली. त्याची १९४७ मधील ‘लोकांची खुर्ची’ घरोघरी गेली. अशा रीतीने गुरूच्या महागड्या फर्निचरमागील तत्त्वे शिष्याच्या हातून सर्वसामान्यांच्या घरात आली. क्लिंटचा दुसरा विद्यार्थी ओले व्हान्शर याने १९५५ पासून ॲकॅडमीतील त्याच्या अध्यासनाची परंपरा पुढे चालविली.

क्लिंटला एकर्सबर्ग पदक (१९२८) व ब्रिटनमधील ‘रॉयल डिझायनर फॉर इंडस्ट्री’ हा सन्मान (१९४९) लाभला. कोपनहेगन येथे तो निधन पावला. त्याने अभिकल्पिलेल्या अनेक आसनांचे उत्पादन त्यानंतरही चालू राहिले.