डायनॅमोची वायर का तापते?



या पानावर मी एरवी बेणे, खोडवा आणि खताच्या मात्रा यांवर लिहितो. आज ट्रकच्या एका वायरीवर लिहितो आहे, कारण त्या वायरीपायी गेल्या हंगामात आपल्या एका सभासदाचा ट्रकभर ऊस दोन रात्री रस्त्याकडेला उभा राहिला. तोडलेला ऊस वजनाला घटतो, आतली साखर मोडते, हे तुम्हांला सांगायला नको. दोष थोडा माझाही आहे. फडातून निघतानाच ड्रायव्हर म्हणाला होता, "साहेब, बॉनेटमधून रबर जळाल्यागत वास येतोय." मी म्हणालो, "आधी निघ, नंबर जाईल." तीन किलोमीटरवर धूर निघाला. मागे वाळलेले पाचट होते. आग लागली नाही, हे नशीब.

पहिल्या मिस्त्रीने डायनॅमो, म्हणजे खरे तर अल्टरनेटर, बदलला. पैसे गेले आणि दुसऱ्या रात्री वायर पुन्हा तापली. मग एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आले. त्यांनी पाना काढलाच नाही, आधी मीटर काढला.

गाडी २४ व्होल्टची. इंजिन थोडे रेस ठेवून, रात्री भरणीसाठी लावलेले चारही जादा दिवे चालू केले. मीटरची एक काडी अल्टरनेटरच्या मोठ्या खिळ्यावर, दुसरी बॅटरीच्या धन खांबावर. मधे फक्त वायर, म्हणजे आकडा जवळजवळ शून्य हवा. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घेता येते. मीटरने दाखवले १.८. मग काडी पुढे सरकवत नेली, तर त्यातले १.५ व्होल्ट एकाच जागी अडकलेले. वरची टेप सोडली, तर आत नुसता पीळ मारलेला जोड, तांब्याला हिरवा गंज चढलेला.

त्या वेळी वायरीतून ३० अँपियर जात होते. १.५ गुणिले ३०, म्हणजे ४५ वॅट. भांडी डागणारी इस्त्री टेपमध्ये गुंडाळून ठेवावी तसा प्रकार! नवा अल्टरनेटर तिथे काय करणार?

त्यांनी सांगितलेली खूण मला फार उपयोगी वाटली. एकाच जागी चटका बसला, तर जोड किंवा थिंबल खराब. वायर सगळीकडे सारखीच तापली, तर ती बारीक पडते किंवा करंट जास्त जातो. अशा वेळी दोन्ही बॅटऱ्या बघा. एखादी गरम लागते आणि तिच्या एका खान्याचा हायड्रोमीटरचा आकडा इतरांपेक्षा बराच खाली असतो, तर तो खाना बसला. चार्जिंग २९ व्होल्टच्या वर जात असेल, पाणी सारखे आटत असेल, तर रेग्युलेटर तपासा. फ्यूज उडतो म्हणून जाड तार मात्र कोणी बांधू नये. मग फ्यूजऐवजी वायरच जळते.

दुरुस्ती साधीच होती. ही वायर इंजिन बंद असतानाही जिवंत असते, म्हणून आधी बॅटरीची ऋण बाजू सोडली. (चालू इंजिनवर बॅटरी कधीही सोडू नका, अल्टरनेटरचे डायोड जातात.) जोड काढून १० चौरस मिलिमीटरची एकसंध वायर टाकली, थिंबल दाबून बसवले, खिळे घासून आवळले, पत्र्याच्या भोकात रबरी वॉशर घातला आणि वायर सायलेन्सरपासून लांब बांधली. पुन्हा दिवे लावून मीटर धरला. पाव व्होल्टच्या आत.

ऊस तिसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर आला. ज्यांचा ऊस होता ते गृहस्थ वजनाची पावती माझ्यापुढे धरून काहीच बोलले नाहीत. आता भरणीच्या वेळी ड्रायव्हरने वासाचे नाव काढले, तर मी नंबर विचारत नाही, बॉनेट उघडायला सांगतो.

— ऊस विकास अधिकारी